ऋणमुक्तीची घाई

डोक्यावर कर्ज असलेल्या माणसास झोप गोड लागत नाही, ही समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि पूर्वी तिला भक्कम कारणही होते. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले जाई व न्यायालयेही त्या कर्तव्याची अंमलबजावणी करीत. २००५ साली हिंदु उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानंतर काढलेल्या कर्जाची वसुली केवळ या पुत्रधर्माच्या आधारे करण्यास न्यायालयांना मज्जाव झाला. गहाण मालमत्तेवरचा बोजा अर्थातच कायम राहतो. परंतु कायदा बदलला म्हणून रक्तात मुरलेली भीती थोडीच बदलते? वीस वर्षांच्या मुदतीने कर्ज काढून घर घेणारा आजचा गृहस्थ मनातून आपल्या आजोबांइतकाच अस्वस्थ असतो, आणि मुदतीपूर्वी गहाण सोडविण्याची त्याची धडपड या अस्वस्थतेतूनच जन्म घेते.

या धडपडीच्या बाजूने असलेला हिशेब प्रथम मांडला पाहिजे, कारण तो खरा आहे. तीस लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले असे समजू. मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटते ते अवघे ४,७८५ रुपयांचे. वीस वर्षांत ऋणको एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरतो, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीहूनही अधिक. येथे एखाद्या चोखंदळ वाचकास दामदुपटाचे स्मरण होईल. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा तो नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोस लागू करीत असत. परंतु मनूने घातलेली ही मर्यादा एकरकमी मागितलेल्या व्याजापुरती आहे. महिन्याच्या महिन्याला चुकते केलेल्या व्याजास ती लागत नाही. आपल्या हप्त्यांना तिचा काडीचाही उपयोग नाही.

आता हाच गृहस्थ दरमहा पाच हजार रुपये जास्त भरू लागला, तर कर्ज वीस वर्षांऐवजी तेरा वर्षे आठ महिन्यांत फिटते आणि सुमारे अकरा लाख सत्तर हजार रुपयांचे व्याज वाचते. शिवाय हे ज्यादा पैसे जितक्या आरंभी भरावे तितका लाभ मोठा. अगदी सुरुवातीला भरलेला एक लाख रुपया शेवटचे साडेएकोणीस हप्ते खाऊन टाकतो. तोच लाख अठराव्या वर्षी भरला, तर फरक जेमतेम जाणवेल.

कायदाही आता ऋणकोच्या आड येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे साठावे कलम गहाण सोडविण्याचा हक्क देते खरे, पण तो मुद्दल देय झाल्यानंतरचा. मुदतीआधी पैसे परत घेण्यास सावकार बांधलेला नसे, आणि घेतलेच तर तो त्याबद्दल दंड मागे. घरासाठी बदलत्या दराने कर्ज घेतलेल्या व्यक्तीकडून असा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत करावेत, बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये द्यावेत, असा तिचा २०२३ चा आदेश आहे. वाट मोकळी आहे आणि जो चालेल त्याचा फायदा आहे. मग प्रश्न उरतो कोठे?

प्रश्न उरतो तो त्या पाच हजारांपाशी. ते येतात कोठून?

बेळगावकडील एका गृहस्थांचे कागद मध्यंतरी मजकडे तपासणीस आले होते. वीस वर्षांचे कर्ज त्यांनी अकरा वर्षांत फेडले होते, आणि बँकेने सर्व मूळ दस्त परत केले की नाही एवढेच त्यांस पाहून हवे होते. सर्व दस्त बरोबर होते. किती व्याज वाचले हे त्यांस तोंडपाठ होते. बरोबर त्यांची पत्नी होती. मी सहज अभिनंदन केले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “चांगलेच झाले हो वकीलसाहेब. मुलीची गाण्याची शिकवणी तेवढी पाचव्या वर्षी बंद केली. आता लावू म्हटले, तर तिलाच नको झाली आहे.” सासूबाईंचे श्रवणयंत्र ‘पुढच्या वर्षी’ करता करता राहिले, आणि नवव्या वर्षी त्या गेल्या, हेही त्याच ओघात समजले. ते गृहस्थ लबाड नव्हते. अकरा वर्षे त्यांनी स्वतः नवा सदरा क्वचितच शिवला असेल. त्यांना दोष देणे मला त्या दिवशी जमले नाही, आणि आजही ते सोपे वाटत नाही. परंतु ज्या अंदाजपत्रकात आपल्या सदऱ्याशेजारीच आईचे ऐकणे लिहिले जाते, त्याच्या मुळाशी काहीतरी चुकले आहे खास.

काय चुकले ते जुन्या शास्त्रकारांना चांगले ठाऊक होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दानाविषयी एक अट घातली आहे: मनुष्याने स्वतःचे द्रव्य द्यावे, पण कुटुंबास बाध न येईल इतकेच. दानासारख्या पुण्यकर्मालाही ही मर्यादा! (देवस्थानाच्या फलकावर नाव कोरून घेण्यास उत्सुक असलेल्या सज्जनांनीही हा नियम एकदा वाचून पाहावा.) देवाब्राह्मणांस देताना जर घरच्यांचा वाटा आधी बाजूला काढावयाचा, तर बँकेस तिने न मागितलेली रक्कम देताना तो काढावयास नको काय? ठरलेला हप्ता हे कर्तव्य आहे, त्यात चालढकल नाही. त्यासाठी घराने पोट आवळले तर ते रास्तच. हप्त्यावरची रक्कम मात्र ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्ट दुसऱ्याच्या ताटातून उचलून करता येत नाही.

तुकोबांच्या चरित्रातील खतांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. वडिलार्जित सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, एवढेच आपण सांगतो. परंतु परंपरेने सांगितलेल्या कथेत त्याआधीचा एक तपशील आहे व तो मला अधिक मोलाचा वाटतो. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी प्रथम त्यांच्या हाती ठेवला आणि उरलेली, आपल्या वाट्याची, खते तेवढी नदीत सोडली. एवढ्या मोठ्या विरक्तीनेही भावाच्या हिश्शाला हात लावला नाही. आमची विरक्ती मात्र पुष्कळदा बायकोच्या माहेरच्या फेरीपासून सुरू होते.

कोणी म्हणेल, शेवटी घर सर्वांचेच ना? कर्ज लवकर फिटले तर लाभ मुलांनाच. युक्तिवाद वजनदार आहे, पण त्यात काळाचा विचार नाही. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत; शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे घातले आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावयाचे असे म्हटले. बँकेच्या ऋणापेक्षा ही ऋणे एका बाबतीत निराळी आहेत. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते, गृहकर्ज वीस वर्षे थांबू शकते, त्याचे वेळापत्रक छापून हाती मिळते. आईवडील, लेकरू, दाराशी आलेला पाहुणा यांच्यापैकी कोणी नोटीस धाडत नाही. आणि मुदतीच्या कायद्याने बाद झालेले साधे कर्जही लेखी वचन देऊन पुन्हा जिवंत करता येते, अशी सोय करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आहे. दहा वर्षांच्या मुलीचे गाणे ती वीस वर्षांची झाल्यावर कोणत्या कलमाने जिवंत करावयाचे?

याचा अर्थ उधळेपणास माझी संमती आहे असा कृपा करून कोणी घेऊ नये. लग्नाच्या मांडवावर लाखो रुपये उडवून हप्त्याच्या नावाने रडणारे महाभाग माझ्या कचेरीत अधिक येतात, आणि त्यांच्याविषयी मला यत्किंचितही सहानुभूती नाही. उपाहारगृहे, चालू असलेला दूरध्वनी टाकून घेतलेला नवा, शेजाऱ्याच्या गाडीवरून सुचलेली गाडी, यांवर कात्री चालवावी तितकी थोडी. आजारपणासाठी चार पैसे हाताशी ठेवावेत, कारण मुद्दलात भरलेली रक्कम इस्पितळाच्या दारी परत मिळेलच असे नाही. एवढे करून जे उरेल ते खुशाल बँकेत भरावे. फक्त कात्री लावण्यापूर्वी वही घरच्या सर्वांपुढे उघडावी. कमावत्याने आपले नाव सर्वांत वर लिहावे, आणि ज्यांना ‘नको’ म्हणण्याचा संकोच वाटतो, त्यांच्या नावापुढची रक्कम त्यांनी स्वतः होऊन सोडल्याशिवाय खोडू नये. म्हातारी माणसे तर विचारण्याआधीच सोडतात. तेथे दुप्पट सावध असावे.

परवाच एका तरुणाने असेच कोष्टक दाखविले. त्यात मंगेशीची वार्षिक यात्रा आठ वर्षांसाठी बंद केली होती. देव घरीही आहे, असे तो म्हणाला, आणि ते मला मान्यच आहे. मी एवढेच विचारले, की ही ओळ कोणाच्या वाट्याची? त्याची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. यात्रेचा खर्च, गाडीभाडे धरून, नऊ हजार लिहिला होता. कोष्टक परत घेऊन तो म्हणाला, आईला विचारून येतो. जत्रा माघात आहे.