हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

सरकारी कामावरचा हजेरीपट एरवी फायलीतच पडून राहतो. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोट किराना गावी, तो भर सभेत वाचला गेला. मजदूर किसान शक्ती संघटनेने भरवलेली ती जनसुनवाई होती. अशा सुनावण्यांत एकेक नाव पुकारलं जाई आणि लोक उठून सांगत, अहो, हा तर कामावर आलाच नव्हता! कुठे मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघालेली, कुठे अर्धवट काम कागदावर पूर्ण झालेलं.

'सगळे चोर' म्हणून हे मजूर घरी बसू शकले असते. त्यांनी हिशोब मागितला, हे मला फार मोठं वाटतं. त्या मागणीतूनच माहिती अधिकाराची चळवळ वाढली; महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायदा आला. २००५च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की, बरीचशी माहिती कार्यालयाने न मागताच जाहीर करायची आहे. ते नीट पाळलं जात नाही, आणि संशय तिथेच वाढतो. त्यात प्रामाणिक ग्रामसेवकही भरडला जातो, कारण बंद कपाटाआड त्याचंही काम दिसत नाही.

येत्या ग्रामसभेला जरूर जा. गावात आलेला निधी कुठे खर्च झाला, ते बाबवार, मोठ्याने वाचायला सांगा. शहरात राहत असाल, तर सोसायटीच्या वार्षिक सभेत हाच आग्रह धरा.