चेहऱ्याचे ऋण

दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्यावर शिवाजीमहाराज बसतात तेव्हा त्यांच्या नाकाची लांबी कोणी मोजत नाही. बाजारातून आणलेली ती वीतभर मातीची मूर्ती. रंग कुठे ओठाबाहेर ओघळलेला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. तरी तटावर मावळे मांडून झाले, पेरलेले अळीव उगवले आणि ही मूर्ती सिंहासनावर विराजमान झाली, की महाराज आले याविषयी घरात कोणालाही शंका उरत नाही. परंतु हेच महाराज चौकात, ब्राँझमध्ये, घोड्यावर बसवायचे ठरू द्या. लगेच वादाला तोंड फुटते. चेहरा जमला नाही, नजर उतरली नाही, जिरेटोप असा नव्हता! किल्ल्यावरच्या मूर्तीला जी माफी मिळते ती चौकातल्या पुतळ्याला का मिळू नये?

कारण उघड आहे. मूल खेळत असते. शिल्पकार मात्र साक्ष देत असतो. ‘हा माणूस असा होता,’ असे तो पुढच्या शेदोनशे वर्षांना सांगत असतो. आणि साक्ष म्हटली की खरेखोटेपणाचा प्रश्न आलाच. हुबेहूब म्हणजे खरे काय? आणि हा खरेपणा शिल्पकार नेमका कोणाचे देणे लागतो? पैसे देणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे, की आणखी कोणाचे?

राम वनजी सुतार यांचे आयुष्य या साक्षीच्या ओझ्याखालीच गेले. १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. श्रीराम जोशी या गुरूंनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. तेथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरुळच्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांच्याकडे आले. मला हा तपशील पदकापेक्षा मोलाचा वाटतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणा अनामिक कारागिराने कोरलेल्या मूर्तीचा तुटका भाग भरून काढायचा, तर पहिली अट ही की आपला हात दिसता कामा नये. जो माणूस आज नाही, त्याच्या मनात काय होते याचा अदमास घेत छिन्नी चालवायची. तारुण्यात ज्याने हे व्रत पाळले, तो पुढे वास्तववादी शिल्पकार झाला यात नवल नाही.

त्यांनी काही कामे या बंधनाबाहेरचीही केली. गांधीसागर धरणावरची ४५ फुटांची चंबळादेवी, आणि तिच्याजवळची मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन लेकरे, यांचे छायाचित्र कोणाच्या संग्रही असणार? तेथे कल्पनेला मोकळे रान होते. परंतु त्यांचे नाव झाले ते माणसांच्या चेहऱ्यांमुळे. संसदेच्या आवारात १९९३ साली बसविलेले ध्यानस्थ गांधीजी त्यांचे; आणि नर्मदेकाठी २०१८ साली उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा, जगातला सर्वांत उंच असा सरदार पटेलांचा पुतळा, तोही त्यांचाच. वयाची शंभरी पार करून डिसेंबर २०२५ मध्ये ते गेले.

आता कोणी म्हणेल, छायाचित्रावरून पुतळा करणे यात कसली आली कला? ती तर नक्कल. हा आक्षेप जुना आहे आणि तो वाटतो तितका भक्कम नाही. १८७७ साली फ्रान्सच्या रोदँने एका तरुण बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून नग्न पुरुषमूर्ती केली. ती इतकी जिवंत झाली की, त्याने त्या माणसाच्या अंगावरूनच साचा घेतला असावा, असा बोभाटा झाला. रोदँला हा आरोप फार जिव्हारी लागला. का बरे? साम्य हेच जर सत्य असेल, तर अंगावरून घेतलेला साचा सर्वांत सत्य ठरायला हवा. पण तसे होत नाही. जिवंत चेहऱ्यावर प्लॅस्टर थापले की डोळे मिटावे लागतात, ओझ्याने मांस दबते, आणि साच्यातून निघतो तो झोपलेल्या, किंबहुना मेलेल्या माणसाचा मुखवटा. रेघ न् रेघ बरोबर, पण माणूस गैरहजर!

छायाचित्राचेही असेच. ते एका निमिषाचे असते. गांधीजी हसतानाचे छायाचित्र खरे, चालतानाचे खरे, सूत काततानाचेही खरे. पुतळ्याला मात्र एकच मुद्रा मिळते आणि ती ऊनपावसात कायमची मिरवावी लागते. म्हणून शिल्पकाराला निवड करावी लागते. या माणसाच्या हजार क्षणांतला कोणता क्षण उरलेल्या साऱ्या क्षणांच्या वतीने बोलू शकेल? यंत्र चेहरा मोजून देईल, आजकाल तर घडवूनही देईल. निवडीची जबाबदारी काही ते पत्करत नाही.

शिवाजीमहाराजांच्या बाबतीत अडचण निराळी. त्यांची जुनी म्हणून मानली जाणारी लघुचित्रे मोजकी, आणि त्यांतल्या बहुतेकांत चेहरा एका बाजूने दिसतो. चित्रकार एक गाल दाखवून मोकळा झाला. शिल्पकाराला दुसरा गालही द्यावाच लागतो. पुण्यात १९२८ साली बसविलेला विनायक पांडुरंग करमरकरांचा अश्वारूढ पुतळा आपण पाहतो तेव्हा त्यातला बराचसा चेहरा कोणा चित्रकाराने दिलेला नसतो, तो शिल्पकाराने जबाबदारीने अनुमानिलेला असतो. ‘जबाबदारीने’ हा शब्द येथे महत्त्वाचा.

कारण ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीची मूर्ती, तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, मेणाच्या आतबाहेर उष्णता सोसणारे लिंपण. मग भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याने सोडलेल्या जागेत तापलेला रस शिरतो. तांबे वितळायलाच १०८५ अंश उष्णता लागते. शेवटी हाती येते ते काही मिलिमीटर जाडीचे कवच. जोड घासून पुसून दिसेनासे केले, वर रसायनांनी रंग चढविला, की पाहणाऱ्याला ते सारे भरीव वाटते. आत काय आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक! मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे झाले नसताना, कोसळला. चौकशीत गंज आणि कमकुवत सांगाडा अशी कारणे पुढे आली. त्या दिवशी महाराष्ट्राला जे दुःख झाले ते धातूच्या किमतीचे नव्हते. ज्याच्या नावाने आपण वचन दिले त्याच्याशीच ते मोडले, असे वाटले. २०२५ मध्ये त्याच जागी सुतारांच्या शिल्पशाळेतून आलेला नवा पुतळा उभा राहिला.

तेव्हा देणे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. पैसे देणारा तक्रार करू शकतो, समिती करू शकते, रस्त्यावरचा माणूसही करू शकतो. एकच माणूस ती करू शकत नाही, तो म्हणजे ज्याचा पुतळा आहे तो. आपल्याला उगाच देखणे केले, उग्र केले, भलत्याच आवेशात उभे केले, असे तो उठून सांगू शकत नाही. शिल्पकाराचे खरे ऋण या मुक्या सावकाराचे आहे. इतर सारे आपापली वसुली करून घेतात; याची बाजू शिल्पकारानेच धरली पाहिजे.

यावर एक अवघड प्रश्न उरतोच. साधेपणाने राहिलेल्या वल्लभभाईंना १८२ मीटर उंची मानवली असती काय? चेहरा खरा आणि आकार खोटा, असे होऊ शकते. हे मी नाकारणार नाही. उंची ठरविणारे वेगळे असतात आणि त्यांचे हेतूही वेगळे असतात. पण त्या अवाढव्य आकारातही सुतारांनी सरदारांच्या हातात शस्त्र दिले नाही, हात उगारलेला दाखविला नाही. धोतर, खांद्यावर शाल, पायांत वहाणा, हात बाजूला सोडलेले. शेतकऱ्याचा मुलगा चालत निघाला आहे. मालकाने मागितलेली उंची दिली, पण माणूस बदलू दिला नाही. धंदा करून प्रामाणिक राहायचे तर बहुधा असेच राहता येते.

आणि हे केवळ शिल्पकारांपुरते आहे असे कोणी समजू नये. सणाला घरची माणसे जमतात, फराळाची ताटे पुढे येतात आणि गेलेल्यांच्या गोष्टी निघतात. तेव्हा आपण प्रत्येक जण एकेक पुतळाच घडवीत असतो. तापट आजोबांना आपण संत करतो. सासुरवास सोसलेल्या आजीला ‘सदा हसतमुख’ म्हणून भिंतीवर टांगतो. त्यात प्रेम असते, हे खरे. पण आजीच्या कपाळावरच्या ज्या आठ्या आपण पुसून टाकतो त्या तिने आयुष्य वेचून मिळविलेल्या होत्या, आणि त्या परत मागायला ती येणार नाही. तिच्या नातवंडांना ती आठ्यांसकट सांगावी.