कच्चा डाग

१९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण होत असता यंत्र बिघडले व बेस गिटारीचा स्वर फाटला. तोच रुचला, १९६२ साली तसा स्वर मुद्दाम काढणारे ‘फझ’ पेडल बाजारात आले.

तसले एक पेडल आम्ही घरी जुळविले. बॅटरी नऊ व्होल्टची, ट्रान्झिस्टर दोन. परंतु स्वर उमटेना. आम्ही प्रथम ट्रान्झिस्टरला दोष दिला, मग विकणाऱ्याला. अखेर आरंभापासून एकेक टप्पा कानाने तपासला. पहिल्या कपॅसिटरपर्यंत स्वर होता, ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी नव्हता. मधला डाग कच्चा होता, आणि तो आमच्याच हातचा होता.

बिघाडाचाही गुण होतो, या सबबीवर आपला प्रत्येक दोष मिरविता येईल काय? पेडलचा फाटका स्वर हवा तेव्हा पायाने लावता येतो, नको तेव्हा थांबविता येतो. म्हणून तो गुण. आमच्या डागावर आमची अशी सत्ता नव्हती. कागद अडला की आपण आधी दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवितो. शोध स्वतःच्या हातापासून आरंभिला, तर दोष लवकर सापडेलच असे नाही. पण निरपराध्यावरील अन्याय तरी टळेल.