सशाचे मौन

नावे ठेवण्यात आपण मराठी माणसे सहसा हार जात नाही. सशाच्या बाबतीत मात्र आपण भलतीच काटकसर केली आहे. दोन निरनिराळ्या प्राण्यांना एकाच नावात कोंबून आपण मोकळे झालो!

एक ससा मेळघाटातला. परतवाड्याहून धारणीकडे जाताना, सागाच्या रानात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव लागते. उन्हे उतरली की तिथल्या गवतातून हा बाहेर पडतो. अंग मातकट, मानेमागे काळा पट्टा, पाय लांब. बीळ खणण्याच्या भानगडीत तो पडत नाही. गवतात अंगापुरता खळगा केला की झाले त्याचे घर. त्याची पिले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. दुसरा ससा अमरावती-अकोल्याच्या घरांतून पिंजऱ्यात बसलेला. त्याचे पूर्वज स्पेन-फ्रान्सकडचे, बिळात राहणारे. त्याची पिले आंधळी आणि उघडी जन्मतात. आई स्वतःच्या अंगाचे केस उपटून त्यांचे अंथरूण करते. या दोघांचा संकरही होत नाही, इतके ते एकमेकांना परके आहेत.

सेमाडोहला माझे अधूनमधून जाणे होते. एकदा आमच्याबरोबरच्या एका चिमुरडीने रस्त्याकडेचा ससा पाहून हट्ट धरला, ‘‘काका, याला घरी नेऊ या ना!’’ आमचा वऱ्हाडी वाटाड्या हसून म्हणाला, ‘‘याले कोनाची गरज नाही, माय!’’ रानच्या सशाविषयीचे सारे नीतिशास्त्र मला त्या एका वाक्यात सापडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही वेगळे काय सांगतो? त्याला मारू नका, धरू नका.

खरा प्रश्न आहे तो दुसऱ्याचा, ज्याला आपली गरज आहे. ही गरज त्याची त्याने निर्माण केलेली नाही. माणसाने पिढ्यानपिढ्या त्याला पाळले, हवा तसा रंग आणि हवे तसे कान निवडले, आणि या व्यवहारात त्याचे रानातले शहाणपण नाहीसे केले. म्हणून कंटाळा आला की ‘सोडून देऊ रानात, होईल बिचारा स्वतंत्र’ असे म्हणणाऱ्यांचे औदार्य मला पटत नाही. मेळघाटात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. पांढऱ्या सशाचे स्वातंत्र्य तिथे फार तर एका रात्रीचे! पाळलेल्या जनावराला भुकेच्या तोंडी सोडून देणे हा तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘‘मग पिंजराच बरा. तिथे वाघ नाही, खायला वेळेवर मिळते, आणि ससा कधी तक्रार करीत नाही.’’ या युक्तिवादातले शेवटचे वाक्य मला फार अस्वस्थ करते.

नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून आपले जुने तत्त्वज्ञ ‘शशशृंग’, म्हणजे सशाचे शिंग, सांगत आले. त्या बिचाऱ्याला शिंग नाही, सुळा नाही, विष नाही. पळणे आणि गप्प राहणे एवढीच त्याची शस्त्रे. दुखणे दिसले की शिकारी हेरतो, म्हणून दुखणे लपवायचे, हा त्याच्या रक्तातला धडा. कुत्रे विव्हळते, गाय हंबरते. ससा कोपऱ्यात बसून राहतो, आणि आपण म्हणतो, काय गुणी आहे! त्याला उचलून छातीशी धरले की तो थिजतो. आपण म्हणतो, किती माया लावली याने! मौन हे संमतीचे लक्षण, ही म्हण बलवानांनी आपल्या सोयीसाठी केली असावी.

पण मुक्यालाही भाषा असते. ती वाचण्याचे कष्ट घ्यायला हवेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि आतडे चालू राहायला त्याला रोज भरपूर गवत लागते. चित्रातल्या सशाच्या हाती गाजर शोभते खरे, पण खऱ्या सशाला ते गोडधोडासारखे, सणापुरते बरे. अर्धा दिवस त्याने तोंड हलवले नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता गुरांचा दवाखाना गाठावा. कान धरून उचलणे हा तर निव्वळ छळ. त्याची पाठ इतकी नाजूक की भीतीने झाडलेल्या लाथेनेच तिचा कणा मोडू शकतो. आणि आपला वऱ्हाडी उन्हाळा! पारा पंचेचाळिसावर जातो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे त्याची भट्टीच. शिवाय तो कळपातला जीव. एकटेपण त्यालाही खाते, फक्त तो सांगत नाही.

एवढे एका सशासाठी? असे वाटत असेल तर ससा पाळू नये. त्यात काहीच कमीपणा नाही. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षे जगतो. आज हट्ट करणारे पोर तोवर कॉलेजात गेलेले असेल, आणि गवत आणायची पाळी आईवर आलेली असेल. तेव्हा वचन द्यायचे ते घरातल्या सर्वांनी मिळून, आणि दहा वर्षांचे द्यायचे.

मला वाटते, घराची परीक्षा मागणाऱ्याला काय दिले यावर होत नाही. मागणारा आपले मिळवतोच. न मागणाऱ्याकडे कोणाचे लक्ष गेले, ते पाहावे. अशी माणसे पुष्कळ घरांत असतात. ताट वाढायला उशीर झाला तरी ‘मला भूकच नाही’ म्हणणारी आजी असते, मार बसल्याचे न सांगणारे मधले पोर असते. सशाची लेंडी पाहून त्याची तब्येत ओळखायला शिकलेले मूल आजीचे न संपलेले ताटही पाहील, अशी माझी आशा आहे.

सेमाडोहच्या सशाला आपल्याकडून काही नको. रस्त्यावर गाडी हळू चालवली तरी पुरे. घरच्या सशाचे मात्र सारे आपल्याच हाती. या चार दिवसांत गल्लीत सुतळी बॉम्ब वाजतील, तेव्हा तुमच्या घरी ससा असेल तर त्याचा पिंजरा सर्वांत आतल्या खोलीत न्या, लपायला एखादे खोके ठेवा, गवत आणि पाणी जवळ असू द्या. आणि फराळाला बसण्यापूर्वी एकदा आत डोकावून या. तो हाक मारणार नाही.