बिऱ्हाड आणि ठाणे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यातच राहावे की चंद्रपूर-बल्लारपूरकडे बिऱ्हाड हलवावे, हा प्रश्न वरवर मजुरीचा आणि मुलांच्या शाळेचा असतो. खोलात तो माणसाचे गावाशी असलेले नाते कशाने टिकते, असा आहे. गोंड परंपरेत याला ठोस रूप आहे. कुळाच्या पेनाचे, म्हणजे कुलदैवताचे, ठाणे ठरलेले असते आणि दूर राहणारे सगेही पूजेला तिथेच येतात. बिऱ्हाड हलते, ठाणे हलत नाही.

गावाशी नाते कसे असावे, यावर मराठी विचारात मात्र एकमत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी साधकांना स्वग्रामाचा संबंध सोडायला सांगितले, कारण ओळखीच्या मातीत आसक्ती मुरते. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावालाच सेवेचे दैवत मानले. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यातील संकुचितपणावर आणि अज्ञानावर कठोर टीका केली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चंद्रपुरातच धम्मदीक्षा दिली. जातीमुळे ज्याला गावाने पाणवठ्यावरून हाकलले, त्याचे जाणे ही कृतघ्नता नव्हे, ते स्वत्वाचे रक्षण आहे. सुखवस्तू घराला हे समर्थन लागू पडत नाही.

अवघड भाग मागे राहणाऱ्यांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांची राखण ग्रामसभेकडे दिली. मोह, तेंदू, बांबू यांचे निर्णय तिथे बसून घ्यावे लागतात. तरुण घरे गेली की ते ओझे म्हाताऱ्यांवर पडते.