उपकाराची जाणीव आणि उपकाराचे बंधन

भिक्षान्नावर देहनिर्वाह करणाऱ्या साधकावर अन्नदात्याचे उपकार होतात किंवा नाही, आणि होत असतील तर ते त्याने कसे फेडावे, असा प्रश्न वासनिक मंडळी अधूनमधून विचारीत असतात. प्रश्न वरवर सोपा दिसतो; उत्तर देताना मात्र जीभ अडखळते. ‘होतात’ म्हणावे तर संन्याशाच्या असंगतेला बाध येतो. ‘होत नाहीत’ म्हणावे तर ज्याच्या घरची भाकरी पोटात गेली त्याच्याविषयी कृतघ्नतेचा दोष पदरी येतो. म्हणून आधी शब्दाचा अर्थ नीट पाहणे अवश्य आहे.

‘कृत’ म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले. ते जाणणारा तो कृतज्ञ. या शब्दात जाणणे आहे, फेडणे नाही. फेडणे हा शब्द सावकाराच्या वहीतला होय. त्याचप्रमाणे कृतघ्न म्हणजे न फेडणारा नव्हे. केलेल्याचे हनन करणारा, म्हणजे जे झाले ते झालेच नाही अशा रीतीने वागणारा, तो कृतघ्न. पै न् पै परत करून ‘आता तुझामाझा संबंध संपला’ म्हणणारा मनुष्य ऋणमुक्त झाला असेल, पण तो कृतज्ञ आहे असे म्हणता येणार नाही.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे परमेश्वराच्या उपकाराचा विचार सुकर होतो. परमेश्वर नित्यमुक्त आहे. त्याला जीवापासून काहीही घ्यावयाचे नाही, आणि जीवापाशी त्याला देण्याजोगे काही नाहीही. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या मांडीखाली शिरला, तो प्रसंग सर्वांना विदित आहे. शरण आलेल्यास स्वामींनी पारध्यांच्या हाती दिले नाही. आणि पारधी गेल्यावर सशालाही मोकळे केले. ससा रानात निघून गेला. त्याने काय फेडले? काही नाही, आणि त्याच्याकडून काही अपेक्षितही नव्हते. अहेतुक कृपा म्हणतात ती हीच. तिची फेड करू पाहणे हे अज्ञान, आणि तिचा विसर पडू देणे ही हानी. हानी अर्थात जीवाची, परमेश्वराची नव्हे.

येथे वासनिकांच्या एका नित्याच्या चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. कापसाला भाव मिळाला, मुलाला नोकरी लागली, दुखण्यातून उठणे झाले, की ‘देवाने दिले’ म्हणून विडा, नारळ, उपहार घेऊन मंडळी स्थानास जातात. भाव चांगला आहे यात शंका नाही. परंतु शास्त्राच्या दृष्टीने कर्माची फळे देणे हा देवतांचा व्यापार होय. आणि देवता स्वतःच नित्यबद्ध. परमेश्वराचे देणे निराळे आहे. ज्ञान, प्रेम, सन्निधान ही त्याची दाने. आणि जीवाला उद्धाराची संधी मिळावी म्हणून सृष्टीची रचना व मनुष्यदेहाची प्राप्ती हेही त्याच्याच कृपेचे कार्य. पीक आले म्हणून जो आज कृतज्ञ, तो उद्या गारपीट झाली की रुष्ट होणार, हे ठरलेलेच. त्याची कृतज्ञता भावाबरोबर चढते आणि भावाबरोबर उतरते. ज्या देण्यात चढउतार नाही त्या देण्याचे स्मरण ज्याला आहे, तो पीक बुडाल्या वर्षीही दंडवत घालताना अडखळत नाही.

स्मरण हाच या मार्गातील कृतज्ञतेचा प्रधान आचार आहे. श्रीचक्रधर प्रभूंच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी काय केले, ते पाहावे. मूळचे घरचे संपन्न, विद्येने वादपटू, स्वामींपुढे प्रथम आले तेही पांडित्याच्या अभिमानाने. पुढे त्याच गृहस्थाने लीळा ज्याने प्रत्यक्ष पाहिली त्याच्याकडे जाऊन ती ऐकावी, आणि श्रीनागदेवाचार्यांना विचारून तिची शुद्धाशुद्धता ठरवावी, असे हे कष्ट घेतले. शके 1200 च्या सुमारास रिद्धपुरी सिद्ध झालेले लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून विद्वान वाखाणतात, ते योग्यच. परंतु त्याचा उगम साहित्यनिर्मितीच्या हौसेत नाही. झालेले विसरले जाऊ नये, या एका तळमळीत आहे. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आधारे ती पुन्हा सिद्ध करण्यात आली. आजही एक पाठ हिराइसांच्या नावाने ओळखला जातो. लुटारूंनी पोथी नेली, स्मरण नेता आले नाही.

आता मनुष्याच्या उपकाराकडे वळू. ‘सर्व देणारा परमेश्वर, मग माणसाचे काय मानायचे?’ असा एक पळवाटेचा युक्तिवाद कित्येकदा ऐकू येतो. तो सांगणारे बहुधा घेणारेच असतात. वर सांगितल्याप्रमाणे भाकरी हे परमेश्वराचे दानच नव्हे. ती पहाटे उठून चुलीपुढे बसलेल्या बाईने भाजलेली आहे. तिचे श्रम नाकारून परमेश्वराची थोरवी वाढत नाही. केशिराजबासांसारख्या प्रज्ञावंताने संस्कृतात रचना करावी तर आपल्या म्हाताऱ्या साधक स्त्रिया ज्ञानाला मुकतील, म्हणून आचार्यांनी त्यांना आवरले. ज्या पंथाच्या पहिल्या आचार्याला अशिक्षित म्हाताऱ्यांची एवढी चाड होती, त्या पंथात चुलीपुढच्या बाईला विसरणे शोभत नाही.

जनावरांविषयीही हेच. पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा करावी की नाही, असे शेतकरी वासनिक विचारतात. बैल हा जीव आहे, बद्ध आहे, देव नाही; म्हणून पूज्य नाही. पण वर्षभर जू ओढलेले त्याचे खांदे लोणी-हळदीने चोळावेत, त्या दिवशी त्याला कामाला जुंपू नये, पोटभर चारावे, यात देवताभक्ती कोठे येते? पूजा टाळण्याच्या निमित्ताने खांदे चोळणेही टाळणारा मनुष्य शास्त्र पाळीत नसून आळस पाळीत आहे. आता ट्रॅक्टरमुळे गोठे रिकामे झाले, हा भाग वेगळा.

दात्याच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. आश्रमात पंखा दिला की तिन्ही पात्यांवर नाव, फरशी दिली की पायरीवर नाव. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, एवढाच त्यात दिलासा. केलेले जाणणे हे घेणाऱ्याचे काम आहे. करणाऱ्याने ते विसरावे. दोघांनी कामांची अदलाबदल केली की, देणारा आठवण देत राहतो आणि घेणारा विसरू पाहतो.

आता मूळ प्रश्न. भिक्षेचे घर नेमून घेऊ नये, मिळेल त्यात आवडनिवड करू नये, हा आचार संबंध जडू नये म्हणूनच आहे. तरीपण लहान गावात वासनिकांची चारच घरे असली म्हणजे तीच दारे पुन्हा पुन्हा येतात. समजा, अशाच एका घरच्या कर्त्या पुरुषाने धाकट्या भावाच्या हिश्श्याची जमीन सातबाऱ्यावर आपल्या एकट्याच्या नावे करून घेतली. गावात बोलबाला झाला. तो आश्रमात येऊन दंडवत घालतो आणि म्हणतो, “बाबा, आपल्या शब्दाला मान आहे. आपण चार माणसांत एवढे सांगावे की हा घरचा मामला आहे.” वीस वर्षांच्या भाकऱ्यांचा उल्लेख तो करीत नाही, करण्याची गरजही नाही.

साधूने तसे सांगितले तर त्याने अन्नाच्या मोबदल्यात सत्य विकले. त्याने पापभयाने तोंड फिरविले, तर स्वतःची असंगता राखली, पण ज्याचे खाल्ले त्याला गर्तेत जाताना पाहिले. उपकार जाणणे म्हणजे उपकार करणाऱ्याची इच्छा पुरविणे नव्हे, त्याचे हित पाहणे होय. म्हणून त्याला एकांतात बसवून, कठोर न होता पण आडपडदा न ठेवता, ‘भावाचे भावाला द्या’ असे सांगणे हेच येथे साधूच्या हातचे आहे. हे लिहावयास सोपे आहे. भर पावसाळ्यात, नदीला पूर आणि दुसऱ्या गावची वाट बंद असताना, तेच बोलणे किती जड जाते हे भिक्षेस हिंडलेल्यांनाच ठाऊक.

तो मनुष्य रागावून उठून जाईल, हेही धरून चालावे. दुसऱ्या दिवशी भिक्षेच्या वेळी ते घर मुद्दाम टाळू नये. टाळणे हाही एक संबंधच. नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी उभे राहावे. भाकरी घातली तर झोळीत घ्यावी, न घातली तर पुढच्या दारी जावे.