भाड्याचं कपाट

खारपाणपट्टा आपल्या वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारट लागतं, आणि ते ओलिताला दिलं की जमीन आणखी बिघडते. या मातीवर आपल्याकडचेच संशोधक काम करतात. पगार सरकारचा, वावर शेतकऱ्याचं, आणि निबंध तपासून देणारे प्राध्यापक बहुधा फुकट राबतात. असा निबंध परदेशी जर्नलमध्ये छापून आला, की अमरावतीत मोबाइलवर तो उघडायला माझ्याकडे 30-40 डॉलर मागितले जातात. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “म्हणजे वावर आपलं, माती आपली, अन् वाचाचे पैसे दुसऱ्याले?”

बाबांचा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. जर्नल सांभाळायला खर्च येतोच. संपादन, सर्व्हर, जुन्या फायली पुढेही उघडतील याची काळजी. कागदालाही बांधणी, जागा, वाळवीचं औषध लागायचंच. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे: पैसे दिल्यावर आपल्या हातात काय उरतं?

छापील अंक ग्रंथालयानं एकदा घेतला की कपाटात राहायचा. वर्गणी थांबली म्हणून कुणी 1985 चा अंक उचलून नेत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक जर्नलचं बहुतेकदा भाडं असतं. जुने अंक कायम मिळतील असं करारात नसेल, तर वर्गणीसोबत मागची वर्षंही जातात.

2025 पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स. सरकारी विद्यापीठांतल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. पण माझं कॉलेज खासगी शिक्षण संस्थेचं, ते पहिल्या टप्प्यात बसत नाही. आणि ज्यांना मिळालं, त्यांनीही विचारावं: 2027 नंतर काय?

मित्र साय-हबचं नाव घ्यायचे. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती साइट भारतात बंद करायला लावली. ते वाचणं चोरी होतं का, यावर आम्ही टपरीवर तासन्‌तास भांडलो. मला एवढंच दिसलं, की तेही दुसऱ्याचंच कपाट होतं. किल्ली आपल्याकडे कधीच नव्हती.

प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आणि शेतीच्या संशोधनासाठी ‘कृषिकोश’ सर्वांना खुले आहेत, म्हणजे रस्ता माहीत नाही असं नाही. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक निबंधाची एक प्रत, निदान लेखकाची अंतिम प्रत, आपल्याच विद्यापीठाच्या सर्व्हरवर कायम खुली राहावी. वीज, माणसं, बॅकअप यांचा खर्च येईल. तो मला मान्य आहे, कारण भाडं तर आपण आताही भरतोच आहोत. ज्या गावातून मातीचा नमुना नेला, तिथल्या पोरीला त्याचा निष्कर्ष वाचता यावा. ही मेहरबानी नाही, देणं आहे.